गेरूकाकीचे साक्षीदार

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिणे हे माझे काम नव्हे. आमच्या घरात शाळेच्या पुढे गेलेला मी पहिलाच, आणि अजूनही कॉलेजच्या ग्रंथालयात शिरताना चपला बाहेर काढाव्यात की काय असे मला वाटते. वार्षिक अंकासाठी न विसरता येणाऱ्या माणसाबद्दल लिहा असे सरांनी सांगितले, तेव्हा वर्गातल्या मुलांनी चांगली चांगली माणसे निवडली. कोणी आपल्या गुरुजींवर लिहितो आहे, कोणी तुरुंगात जाऊन आलेल्या आजोबांवर. माझ्या डोळ्यांपुढे मात्र एकच चेहरा येतो, आणि ती बाई चांगली होती असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तिने कोणाला माफ केल्याचे मला आठवत नाही. तरी लिहितो. काही कमीजास्त झाले तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावे.

तिचे नाव तुळसाबाई. आमच्या कुंपणाच्या कोपऱ्यात तिची कुडाची झोपडी होती, म्हणून मी तिला काकी म्हणत असे. गावातली पोरे मागून गेरूकाकी म्हणत. अंगावर पित्त उठले की आमच्याकडे गेरू कालवून लावतात आणि वरून घोंगडे घासतात. इतरांना हे कधीमधी करावे लागते. काकीला रोज करावे लागे. दिवस कलला की तिच्या मनगटापासून वर गांधी उठू लागत. आधी डास चावल्यासारखा एखादा ठिपका, मग ठिपक्याला ठिपका मिळून तळहाताएवढे लाल फुगवटे, मध्ये पांढुरके आणि कडेने तापलेले. पोटावर, पाठीवर, कधी ओठांवर आणि पापण्यांवरही. सकाळी पाहावे तर हात कोरे, जसे काही झालेच नाही. वांगे सोडून झाले होते, आंबट सोडून झाले होते, फुलसावंगीच्या बाजारातल्या वैद्याची पुडी झाली होती. कशाने काही फरक पडला नव्हता.

उंच, हाडापेराची बाई. गेरूने माखलेले हात गुडघ्यांवर टाकून ती संध्याकाळी दारात बसे आणि समोरच्या घराकडे पाहत राही. मी पुस्तक घेऊन तिच्या ओट्यावर गेलो की म्हणे, "सरक बापू, माह्ये साक्षीदार येऊन राह्यले. त्यायले जागा दे."

साक्षीदार म्हणजे त्या गांधी. समोरचे घर म्हणजे तिच्या भासऱ्याचे, म्हणजे थोरल्या दिराचे, किसनाजींचे. आणि साक्षीदार कशाचे, ते सांगायचे तर थोडे मागे जावे लागेल.

ज्या हिवाळ्यात आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, त्या हिवाळ्यातली ही गोष्ट. मी तेव्हा गावच्या शाळेत होतो. काकीचा नवरा महादेवकाका आदल्या वर्षी तापाने गेला होता. मूलबाळ नव्हते. काकीचा भाऊ एकदा येऊन किसनाजींच्या ओसरीवर बहिणीच्या हिश्शाचे बोलून गेला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत खळ्यातली किसनाजींची कडब्याची गंजी पेटली. बैलांचे वर्षाचे खाणे एका संध्याकाळी राख झाले. काकी गोवऱ्या घेऊन खळ्याकडून येताना काही जणांनी पाहिली होती. किसनाजींनी काकीचे नाव घेतले आणि पंच बसले. काकी म्हणाली, मी नाही जाळली. किसनाजी पंचांकडे पाहून म्हणाले, "नाही म्हन्ते ना? मंग चढू द्या पायरी."

आमच्या गावात मातामायच्या, म्हणजे गावदेवीच्या, देवळाला दगडी पायरी आहे. शपथ घ्यायची झाली की तिथे घेतात, म्हणून शपथ घेणे असे कोणी म्हणतच नाही, पायरी चढणे म्हणतात. सकाळी विहिरीचे पाणी डोक्यावरून घ्यायचे, ओल्या लुगड्याने पायरीवर उभे राहायचे, एका हातात निंबाचा डहाळा, दुसऱ्या हातात भंडारा. खोटे बोलणाऱ्याच्या अंगावर देवी उमटते, असे सगळे मानतात.

पौषातली सकाळ होती. बोलताना माणसांच्या तोंडातून वाफ निघत होती. मी वडिलांच्या मागे उभा होतो. काकी पायरी चढली आणि म्हणाली, "गंजी मी जाळली नाही." तिचे बोलणे पुरे झाले आणि तिच्या उघड्या दंडावर ठिपके उठले. आमच्या डोळ्यांदेखत ते वाढत गेले. गळा लाल झाला, गाल सुजले, एक डोळा मिटला. कोणीतरी "माय व!" म्हणाले. किसनाजींनी हात जोडले आणि म्हणाले, "देवीनं दाखवलं."

त्यांच्या आवाजात आनंद नव्हता, हे मला लिहिलेच पाहिजे. ते भिऊन म्हणाले होते. त्यांचा खरोखरच विश्वास होता.

काकीला घराबाहेर काढले. हिश्शाचे नाव पुन्हा कोणी घेतले नाही. भाऊ न्यायला आला, तर गेली नाही. "मी गेली तर त्यायले बरं वाटन," म्हणाली. माझ्या वडिलांनी कुंपणाचा कोपरा दिला. झोपडीचे दार कोणत्या बाजूला काढायचे असे वडिलांनी विचारले, तेव्हा काकीने किसनाजींच्या ओसरीकडे बोट दाखवले. त्या बाजूने पावसाचा मारा येतो असे वडील म्हणाले. काकी म्हणाली, "येऊ द्या."

पुढे मी मोठा झाल्यावर तिने एकदा मला सांगितले, "मले हे लगन होऊन आली तवापासून हाय. तवा कधीमधी उठे. थंडं पानी लागलं का उठेच. तुह्या काकाले मालूम होतं, तेच घोंगडं घासत. बाकी कोनाले मालूम नव्हतं. मंग मी पंचायले काय सांगू? मेलेल्या मानसाले साक्षीले कसं आनू?"

"पण गंजी कोणी जाळली असेल, काकी?"

"मले काय मालूम? गंजी कोनं जाळली हे मले पाह्यजेच नाही. बोट कोनं दाखवलं थे मले मालूम हाय."

एवढ्यावर ती जगत होती. निंदणाला जाई, कापूस वेचायला जाई, पोटापुरते मिळवी. बाकी सगळा जीव त्या समोरच्या ओसरीत गुंतलेला.

आता यात एक अडचण होती. भासऱ्यासमोर बाईने बोलायचे नाही, त्याचे नाव घ्यायचे नाही, पदर कपाळाच्या खाली ओढायचा. काकीने हा रिवाज एकही दिवस मोडला नाही. किसनाजी ओसरीवर आले की तिचा पदर आपोआप पुढे येई. पण तिच्याकडे चंद्री नावाची शेळी होती.

"चंद्रे, इचार त्यायले, झोप लागते का रातच्याले?"

किसनाजींनाही भावजयीशी बोलता येत नसे. त्यांचा राजा नावाचा तरणा बैल ओसरीपुढे बांधलेला असे. ते त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणत, "राजा, सांग तिले, खरं बोलनाऱ्याले झोप लागते."

"चंद्रे, तुह्यीच झोप चांगली व माय. तुले पायरी नाही, पंच नाही."

"राजा, सांग तिले, दुसऱ्याचा कडबा जाळला का बकरीही दूध नाही देत."

"चंद्रे, दाखव व त्यायले दुधाची कासंडी!"

लोक बिड्या ओढत कुंपणाशी उभे राहून ऐकत. एकदा राजाला नांगराला नेलेले होते. काकीने शेळीमार्फत काहीतरी झोंबणारे विचारले आणि किसनाजी उत्तर द्यायला उठले, तर समोर बैल नाही. इकडे पाहिले, तिकडे पाहिले, शेवटी रिकाम्या खुंट्याकडे पाहून म्हणाले, "खुंट्या, सांग तिले..." काकी पदराआड इतकी हसली की तिला ठसका लागला. त्यानंतर कित्येक दिवस ती निंदणाच्या बायांना सांगत होती, "मानूस खुंट्यासंगं बोलून राह्यला, बाई!"

पण तिचे सगळेच असे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. एका पावसाळ्यात तिने जंगलातून बी आणून किसनाजींच्या गोठ्यामागच्या काट्यांच्या कुंपणाशी लावले. वेल चढला. कोणी लक्ष दिले नाही. हिवाळ्यात शेंगा वाळल्या आणि त्यांच्यावरची तपकिरी लव वाऱ्याने उडू लागली तेव्हा कळले की ती खाजकुयली आहे. किसनाजींचे अख्खे घर खाजवत सुटले. सुना रडू लागल्या, लहानग्याने मान खाजवून रक्त काढले. स्वतः किसनाजी उघड्या अंगाने शेण चोळून ओसरीवर बसले होते. काकी दारात बसून शांतपणे शेळीला पाला घालत होती.

"चंद्रे, इचार त्यायले. साऱ्या घरानं कोनती खोटी शपथ खाल्ली म्हनते?"

माझी आई तिला रागावली. "लेकरायनं काय केलं तुह्यं, तुळसाबाई?"  संध्याकाळी काकीने स्वतःचा गेरू वाटीत घालून लहानग्यासाठी आमच्या घरून पाठवला. मात्र वेल उपटला नाही. तो किसनाजींच्या मुलानेच हाताला पोते गुंडाळून उपटला.

मी यवतमाळला कॉलेजात आलो त्या वर्षी दिवाळीला घरी गेलो, तर काकीची जीभ सुजली होती आणि श्वास घेताना शिट्टी वाजत होती. वडील म्हणाले, यवतमाळच्या दवाखान्यात घेऊन जा. एस.टी.त ती पहिल्यांदाच बसली. वाटेत सूज उतरली तशी म्हणाली, "उतरव मले. आता काही नाही." मी उतरवली नाही. दवाखान्यातले तरुण डॉक्टर जिल्ह्याबाहेरचे होते, पुस्तकातल्यासारखे बोलत. त्यांनी तिला बरेच काही विचारले आणि मला वाटले होते त्यापेक्षा अधिक लक्ष देऊन ऐकले. दुसऱ्या दिवशी बोलावले.

त्या दिवशी त्यांनी तिच्या दंडातून थोडे रक्त काढले आणि काचेच्या नळीत ठेवून दिले. बऱ्याच वेळाने रक्त खाली बसून वर पिवळसर पाणी आले. ते पाणी त्यांनी तिच्याच हाताच्या कातडीत अगदी थोडे टोचले. शेजारी नुसते मिठाचे पाणी टोचले. आम्ही बाकावर बसून पाहत राहिलो. मिठाच्या पाण्याच्या जागी काही झाले नाही. तिच्या रक्तातल्या पाण्याच्या जागी मात्र लाल, फुगलेली गांध उठली.

"पाहिलंत?" डॉक्टर म्हणाले. "बाहेरून काही आलेलं नाही. तुमच्याच रक्तात असं काही आहे, की जे तुमच्याच कातडीला उठवतं."

मग त्यांनी मला समजावून सांगितले. मला जेवढे कळले तेवढे लिहितो. आपल्या शरीरात राखण करणाऱ्या पेशी असतात. रोगाचा जंतू शिरला की त्या त्याच्यावर तुटून पडतात. कातडीखाली अशाच काही पेशी दारूगोळा भरून बसलेल्या असतात. काही माणसांत ही राखण चुकते. घरचे कोण आणि चोर कोण, हे तिला ओळखू येत नाही. रक्तातलेच काहीतरी जाऊन त्या पेशींना डिवचते, त्या आपला दारूगोळा उडवतात आणि गांध उठते. थंड पाणी, दाब, संताप ही निमित्ते. "परदेशातले काही डॉक्टर अलीकडे असं म्हणू लागले आहेत. सगळं कळलेलं नाही. मलाही ठाऊक नाही," असे ते म्हणाले. डॉक्टरने मला ठाऊक नाही म्हटलेले मी प्रथमच ऐकले.

काकीने मला विचारले, "काय म्हन्तात?"

मी म्हणालो, "काकी, शेताच्या जागल्यानं मालकालाच चोर समजून काठी घालावी, तसं."

काकी म्हणाली, "म्हंजे अंगातली भाऊबंदकी."

"असंच काहीसं," डॉक्टर म्हणाले.

"मंग माह्या अंगातही एक भासरा हाय म्हना!" आणि ती इतक्या मोठ्याने हसली की परिचारिकेने दारातून डोकावून पाहिले.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. रोग मुळातून जाणार नाही, कधी आपोआप जाईल, कधी राहील, पण गोळी घेतली की गांधी दबतील. झोप फार येईल, विहिरीच्या काठाशी जाऊ नका. काकीने पहिल्यांदा त्यांच्याकडे सरळ पाहून विचारले, "डॉक्टरसाहेब, सकाळी गोळी खाल्ली अन् थंड्या पान्यानं आंघोळ केली, तर?"

"तर बहुतेक काही उठणार नाही."

"दुपारवरी?"

"दुपारपर्यंत तरी नाही."

मला वाटले, बिचारी आंघोळीचे विचारते आहे.

परतताना एस.टी.त ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "अंगातल्या भासऱ्यानं मले मारलं, अन् बाहेरच्यानं त्याले देवी म्हनलं." 

मला मात्र फार आनंद झाला होता. आता सगळ्यांना सांगितले की झाले, असे मला वाटले. पारावर बसून मी रक्त, राखण, पेशी असे सगळे समजावले. लोकांनी शांतपणे ऐकून घेतले. मग एक म्हातारे म्हणाले, "असन बाप्पा, रोग असन. पन तो तवाच काहून उठला?"

"थंड पाण्यामुळे."

"थंडं पानी आमच्याही अंगावर पडते. आमाले काहून नाही उठत?"

 काकीला हे सांगितले तर ती म्हणाली, "त्यायले पुस्तक नाही समजत बापू, पायरी समजते. मी पुन्हा पायरी चढन. ओल्या अंगानं उभी राहीन अन् म्हनन, सूर्य पूर्वेले उगवते. मंग गांधी उठतीन. मंग त्यायले इचारन, काहो, सूर्य पूर्वेले उगवते हे खोटं हाय का?"

मला ही कल्पना इतकी आवडली की रात्रभर मी मनातल्या मनात तिचे कौतुक करत होतो. कॉलेजात तर्कशास्त्राच्या तासालाही इतके सरळ कोणी बोलले नव्हते.

तिने पंचांकडे मागणी केली. पंच हसले. स्वतःहून दुसऱ्यांदा पायरी मागणारे माणूस त्यांनी पाहिले नव्हते. किसनाजींना विचारले, तर ते म्हणाले, "चढू द्या. देवी काही बदलत नाही."

पौषच होता. मी यवतमाळहून मुद्दाम आलो होतो. गर्दीच्या कडेला काकीचे घोंगडे हातात घेऊन उभा होतो, म्हणजे गांधी उठल्या की लगेच अंगावर टाकता येईल. विहिरीवर दोन बायांनी तिच्या डोक्यावर पाणी ओतले. ती चालत आली तेव्हा माझ्याजवळून गेली, आणि तिच्या पापण्या मला जड दिसल्या. पाय जरा सावकाश पडत होते. बाया कुजबुजल्या, "अंगात येऊन राह्यलं वाटते." मी मात्र ओळखले. ती गोळीची गुंगी होती.

काकी पायरी चढली. निंब घेतला, भंडारा घेतला. सूर्याबद्दल ती काही बोलली नाही.

"गंजी मी जाळली नाही," ती म्हणाली.

सगळे पाहत राहिले. पाणी तिच्या कोपरावरून टपटप गळत होते. एका पंचाने जवळ जाऊन तिचे हात उलटेसुलटे करून पाहिले, गळा पाहिला. काळीसावळी, थंडीने शहारलेली, साफ कातडी. कोठे एक ठिपका नाही. पंच मागे वळून म्हणाला, "काई नाही." गर्दीतून एक हुंकार गेला. आईने डोळ्यांना पदर लावला. 

पण काकी उतरली नाही. तिने डोक्यावरचा ओला पदर मागे टाकला. सगळ्या गावासमोर, भासऱ्यासमोर, उघड्या डोक्याने ती त्यांच्याकडे पाहू लागली. इतक्या वर्षांत त्या दोघांनी एकमेकांचे डोळे पाहिले नसतील. मग भंडाऱ्याचा हात तसाच पुढे धरून ती म्हणाली,

"किसना, गंजी तू जाळली."

 पुन्हा सगळे तिच्या हातांकडे पाहू लागले. हात साफ.

त्या वेळी तिच्या तोंडावर जे होते ते मी कधी विसरणार नाही. गुंगीने डोळे अर्धे मिटलेले आणि ओठ घट्ट. गंजी कोणी जाळली हे तिला माहीत नव्हते. मला माहीत होते की तिला माहीत नव्हते. ज्या काठीने तिला मारले होते तीच काठी तिने उचलली होती, आणि ती बरोबर लागली.

किसनाजी भांडतील, पायरी मागतील असे मला वाटले. ते चढले असते तर त्यांचेही अंग साफच राहिले असते. पण ते जमिनीवर बसले. आपल्या उजव्या हाताची बोटे पाहू लागले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "बिडी वढतच गेलतो मी खळ्यात. असन. माह्याच बिडीनं पेटली असन." कोणी त्यांना विचारले नव्हते. देवी म्हणाली म्हणजे तसेच असणार, एवढाच त्यांचा हिशोब. मग त्यांनी पायरीकडे पाहून हात जोडले, पहिल्या वेळी जोडले होते तसेच.

मी पुढे होऊन काकीच्या खांद्यावर घोंगडे टाकले. तिने ते खाली पडू दिले.

पंचांनी तिला शेतातला हिस्सा आणि घरातली खोली परत दिली. शेत तिने कसायला घेतले. खोलीत राहायला गेली नाही. झोपडी तीच, दार त्याच बाजूला. गावात आता गेरूकाकी कोणी म्हणत नव्हते. बाया तिच्या पाया पडू लागल्या होत्या, आणि त्याचा तिला फार राग येई. "कालवरी थुकत होत्या," म्हणे. मी सुट्टीला जाताना गोळ्या नेत असे. त्या तिला रोज घ्याव्या लागत, कारण आता एक गांध जरी कोणी पाहिली असती तरी सगळे उलटले असते. त्यामुळे तिचे साक्षीदार येईनासे झाले आणि ती दिवसभर पेंगू लागली.

किसनाजींनी बिडी सोडली होती. भेटेल त्याला ते सांगत, माझ्याच हातून झाले, आणि मी भावजयीवर आळ घेतला. काकी सवयीने शेळीला म्हणे, "चंद्रे, इचार त्यायले, झोप लागते का?" पलीकडून उत्तर येत नसे. किसनाजी राजाच्या पाठीवर हात ठेवून नुसते उभे राहत. एकदा तिने तीनतीनदा विचारले. मग ती चिडून उठली आणि शेळीलाच हाकलले.

मी तिला शेवटचे पाहिले ते फुलसावंगीच्या बाजाराच्या दिवशी. मी यवतमाळच्या गाडीची वाट पाहत होतो. ती मिरच्या विकत घेऊन माझ्यापाशी येऊन बसली. मी गोळ्यांचे पुडके दिले. तिने ते हातात घेऊन थोडा वेळ पाहिले.

"बापू, हे खानं बंद केलं तर साक्षीदार परत येतीन ना?"

"येतील, काकी. दोन-चार दिवसांतच येतील. बंद नका करू."

"येतीन," ती म्हणाली. "बरं."

पुडके तिने पदराच्या टोकाला बांधले. गाडी आली तेव्हा ती खांबाला टेकून झोपली होती. मी उठवले नाही.

त्यानंतर परीक्षेमुळे माझे गावी जाणे झाले नाही. गेल्या आठवड्यात आमच्या गावचे एक गृहस्थ इथल्या सरकी काढायच्या जिनात कापसाची गाडी घेऊन आले होते. ते मला भेटायला आले आणि त्यांनी बातमी सांगितली. किसनाजी वारले. तेरवीला सगळा गाव जेवायला बसला होता, पंचही पंगतीत होते. काकी आली. त्या ओसरीवर ती इतक्या वर्षांनी चढली. चोळीच्या बाह्या वर केलेल्या, गेरू नाही, घोंगडे नाही. दोन्ही हात गांधींनी भरलेले, गळा भरलेला, ओठ सुजलेले.

कोणीतरी विचारले, "तुळसाबाई, हे काय व?"

"मले काय इचारता?" ती म्हणाली. "तुमाले वाचता येते ना? वाचा. पयले उठल्या तवा म्हनले खोटी. मंग नाही उठल्या तवा म्हनले खरी. आता सांगा, त्यायनं गंजी जाळली का नाही जाळली? सांगा ना!"

ती पंगतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात पुढे धरून चालत गेली. प्रत्येक पंचासमोर थांबली. कोणी पानावरून मान वर केली नाही.

"मग?" मी विचारले.

"मंग काही नाही," ते गृहस्थ म्हणाले. "खाली उतरली. राजा बांधला होता, आता बुढा झाला तो. त्याच्यापाशी गेली. भासऱ्याम्होरं ओढतात तसा पदर पार नाकावरी ओढला, अन् त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हने, राजा, सांग त्यायले. मले मालूम नव्हतं."